शैक्षणिक खर्च व फलनिष्पत्ती : यवतमाळ जिल्हा

शाळांवर होणारा सार्वजनिक खर्च आणि त्या शाळांतील मुलांची प्रत्यक्ष संपादणूक यांतील संबंधाचा विचार शैक्षणिक अर्थशास्त्रात केला जातो. खर्च वाढला की शिक्षण सुधारते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि गरीब वस्तीच्या जिल्ह्यांत ती अनेकदा खरी ठरत नाही. तेथे प्रतिविद्यार्थी खर्च पुष्कळ दिसतो आणि मुले मात्र वाचन व गणित यांत मागे राहतात. महाराष्ट्रात या विसंगतीचे ठळक उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील आदिवासी भागाचा निर्देश करता येईल.

विदर्भाच्या दक्षिण भागातील या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. असून त्यात १६ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ होती व तीत अनुसूचित जमातींचे लोक ५,१४,०५७ (सु. १८·५ टक्के) होते. गोंड, कोलाम, परधान व आंध या येथील प्रमुख जमाती होत. गोंड व कोलाम यांची वस्ती मुख्यतः केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी व राळेगाव या पूर्वेकडील तालुक्यांत, तर आंधांची पुसद, उमरखेड व महागाव या दक्षिणेकडील तालुक्यांत आढळते. कोलामांचा समावेश शासनाने आदिम जमातींत केला आहे. पुसद भागात बंजारा समाजाचे तांडेही पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जाती व भटक्या जमाती या वर्गात मोडत असल्याने त्याच्या आश्रमशाळांचा कारभार निराळ्या खात्याकडे असतो. कोरडवाहू कापूस हे जिल्ह्याचे प्रमुख पीक. २००६ मध्ये केंद्र शासनाने मागास क्षेत्र अनुदान निधीसाठी निवडलेल्या देशातील २५० जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश होता.

आदिवासी मुलांच्या शिक्षणावर येथे दोन स्वतंत्र मार्गांनी पैसा येतो. १ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. त्यांतील शिक्षकांचे वेतन राज्य शासन देते. दुसरा मार्ग आश्रमशाळांचा. ठक्कर बाप्पांनी १९२२ मध्ये दाहोद येथे भिल्ल सेवा मंडळ स्थापून ज्या निवासी शिक्षणाचा पाया घातला, त्याच धर्तीवर स्वयंसेवी संस्थांच्या आश्रमशाळांना मुंबई राज्याने १९५३-५४ पासून अनुदान दिले. १९७२-७३ पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टिकोनातून शासनाने स्वतःच्या आश्रमशाळा काढल्या. आदिवासी क्षेत्रात ५,००० ते ७,००० लोकवस्तीमागे व दुर्गम डोंगराळ भागात २,००० ते ३,००० लोकवस्तीमागे एक शाळा, असे त्यांचे सूत्र होते. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली, १९८३ मध्ये स्वतंत्र आदिवासी विकास विभाग स्थापन झाला आणि सुकथनकर समितीच्या शिफारशीनुसार १९९३-९४ पासून राज्य योजनेतील सु. नऊ टक्के निधी आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात या विभागाकडे वळविण्यात आला. यवतमाळ जिल्ह्यात या विभागाची पांढरकवडा व पुसद अशी दोन एकात्मिक प्रकल्प कार्यालये आहेत.

यांखेरीज २०१०-११ पासून आदिवासी मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घालण्याची योजना सुरू झाली. तिच्याखाली खाजगी शाळांना प्रतिविद्यार्थी वर्षाला ५०,००० ते ७०,००० रु. देण्यात येत. केंद्र शासनाच्या एकलव्य आदर्श निवासी शाळांसाठी आवर्ती खर्चाची मर्यादा प्रतिविद्यार्थी वर्षाला १,०९,००० रु. अशी वाढविण्यात आली. पैसा नाही, हे कारण निदान कागदावर तरी पुढे करता येत नाही.

प्रतिविद्यार्थी खर्च हा अखेर एक भागाकार आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. कोलामांची वस्ती गावापासून अलग अशा लहान लहान पोडांत असते. अशा पोडावरील शाळेत पहिली ते चौथी मिळून दहा-बारा मुले असणे नवलाचे नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील निकषानुसार ६० पर्यंत पटसंख्या असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक द्यावे लागतात. उदा., दोन शिक्षकांचे वार्षिक वेतन १२ लक्ष रु. व मुले १२ असे धरल्यास प्रत्येक मुलामागे एक लक्ष रु. खर्च पडतो, तेच शिक्षक ६० मुलांना शिकवीत असतील, तर तो २०,००० रुपयांवर येतो. पहिल्या शाळेतील मुलाला दुसऱ्या शाळेतील मुलाच्या पाचपट पुस्तके, पाचपट चांगली खोली किंवा पाचपट शिक्षण मिळते, असा याचा अर्थ नव्हे. उलट दोनच शिक्षकांना चार इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात. त्यांपैकी एक प्रशिक्षणास, निवडणूक कामास किंवा पंचायत समितीच्या बैठकीस गेला की शाळा वस्तुतः एकशिक्षकी होते. आश्रमशाळेच्या खर्चात भोजन, निवास, अंथरूण-पांघरूण, अधीक्षक व स्वयंपाकी यांचाही समावेश असल्याने तेथील आकडा बिगरनिवासी शाळेच्या आकड्याशी तोलणे सयुक्तिक नाही. खर्चाचा फार मोठा भाग वेतनाचा, उरलेल्यापैकी बराचसा पोट भरण्याचा आणि अध्यापनसाहित्याला अगदी थोडा, अशी ही विभागणी आहे.

फलनिष्पत्तीचे मोजमापही सरळ नाही. गळती व स्थगिती या दोन दोषांकडे हार्टोग समितीने १९२९ मध्ये लक्ष वेधले. मुले शाळा सोडतात किंवा त्याच इयत्तेत अडकून पडतात, म्हणून खर्च वाया जातो, असे तिचे म्हणणे होते. २००९ च्या अधिनियमाने आठवीपर्यंत अनुत्तीर्ण करणे बंद केल्यावर (२०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत पुन्हा मुभा मिळाली) स्थगिती नोंदवहीतून नाहीशी झाली. परंतु मुलाचे अडकणे थांबले नाही, ते फक्त दिसेनासे झाले. दहावीच्या परीक्षेचा राज्याचा निकाल २०२५ मध्ये ९४·१० टक्के लागला. याउलट प्रथम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत भारताच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ४८·८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात यवतमाळमधील पोडावरच्या शाळेचा प्रश्न सामावलेला आहे.

या अपयशाच्या कारणांत भाषा हे कारण अग्रभागी मानावे लागते, आणि नेमके त्यावरच सर्वांत कमी पैसा खर्च झाला आहे. कोलामी व गोंडी या द्राविडी भाषा आहेत. कोलामीचे भाषाशास्त्रीय वर्णन मरी बी. एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. कोलामीत पाण्याला ‘ईर’ व घराला ‘एल्ला’, तर गोंडीत घराला ‘रोन’ म्हणतात. ‘घ घराचा’ हे चित्र पाहून असे मूल आपला शब्द उच्चारते आणि चुकते. अक्षर, ध्वनी व अर्थ यांची सांगड ज्या वयात बसावयाची, त्याच वयात त्याला एक परकी भाषा तिच्या लिपीसह एकदम शिकावी लागते. मुलाचे मौन शिक्षकाला मंदबुद्धीचे लक्षण वाटते. शिक्षक बहुधा बाहेरचा असतो आणि कोलामी कळू लागेतो त्याच्या बदलीची वेळ येते. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे संविधानाच्या अनुच्छेद ३५० अ मध्ये १९५६ पासून नमूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा पुरस्कार केला. प्रत्यक्षात इमारतीला अंदाजपत्रकात जसे लेखाशीर्ष असते, तसे कोलामी जाणणाऱ्या शिक्षकाला नाही. आंध व परधान मुलांची घरची भाषा मराठी असल्याने त्यांना ही अडचण नाही. त्यांच्या बाबतीत स्थलांतर, दारिद्र्य व घरात शिक्षणाची परंपरा नसणे ही कारणे अधिक प्रभावी ठरतात.

शाळेचे वर्ष आणि कापसाचे वर्ष यांचाही मेळ बसत नाही. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पेरणीची घाई असते. दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात येते व सुटीवर गेलेली आश्रमशाळेतील मुले परतण्यास उशीर करतात. वेचणीची मजुरी वजनावर मिळत असल्याने लहान हातांचीही कुटुंबाला मदत होते. गेलेल्या आठवड्यांचा पाठ भरून काढण्याची व्यवस्था बहुतेक शाळांत नसते. वर्ग पुढे गेलेला असतो.

खर्च व मूल यांमधील वाटेवरही गळती होते. अनुदानित आश्रमशाळांना निवासी विद्यार्थ्यामागे परिपोषण अनुदान मिळते. पटावरील नाव हेच अनुदानाचे एकक ठरल्याने हजेरी व पट यांत अंतर पडण्याचा संभव राहतो. आदिवासी विकास विभागाच्या २००४ ते २००९ या काळातील योजनांत झालेल्या गैरव्यवहारांची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या न्या. एम्. जी. गायकवाड समितीने केली व २०१७ मध्ये अहवाल दिला. २०१६ च्या अखेरीस शासनाने गणवेश, स्वेटर, लेखनसाहित्य इ. वस्तूंऐवजी त्यांची रक्कम विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे ठेकेदाराचा दुवा निघाला. परंतु पोडावरून बँकेपर्यंतची खेप, व त्यासाठी बुडणारी मजुरी, पालकांच्या वाट्याला आली. निवासी मुलांच्या मृत्यूंच्या प्रश्नावर राज्यपालांनी २०१६ मध्ये सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, यावरून निवासाचा खर्च व निवासाची स्थिती यांतही किती अंतर असू शकते, ते कळते.

हा प्रश्न केवळ भारतातील नाही. अमेरिकेतील जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने, शाळांवरील खर्चातील फरकापेक्षा घरची परिस्थिती संपादणुकीवर अधिक परिणाम करते, असा निष्कर्ष काढून खळबळ उडविली. मिसूरी राज्यातील कॅन्झस सिटी येथे न्यायालयाच्या आदेशाने १९८५ नंतरच्या सु. १२ वर्षांत शाळांवर सु. दोन अब्ज डॉलर खर्च झाले. पोहण्याचे तलाव व प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, मुलांचे गुण मात्र फारसे वाढले नाहीत. या उदाहरणाच्या आधारे गरिबांच्या शाळांवरील खर्च व्यर्थ आहे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तो टिकणारा नाही. जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, न्यायालयीन आदेशांमुळे ज्या जिल्ह्यांचा निधी दीर्घकाळ वाढला, तेथील गरीब मुलांच्या शिक्षणाची वर्षे व पुढील मिळकत वाढल्याचे आढळले. पैसा कशावर खर्च होतो, हा मुद्दा निर्णायक आहे. भारतात जे. पी. नाईक यांनी १९७५ च्या आपल्या ग्रंथात समता, गुणवत्ता व संख्या यांचा त्रिकोण साधणे किती दुष्कर आहे, याचे विवेचन केले आहे.

खर्च कमी करण्याचा उपाय म्हणून लहान शाळा एकत्र करण्याकडे शासनाचा कल राहिला आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत समायोजित करण्याचा निर्णय झाला, २०२३ मध्ये तोरणमाळ (जि. नंदुरबार) व पानशेत (जि. पुणे) यांच्या धर्तीवर समूह शाळांची योजना पुढे आली. मोठ्या शाळेत इयत्तावार शिक्षक मिळतात, हा तिचा खरा लाभ होय. तथापि पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किमी. च्या आत शाळा मिळावी, असा नियम आहे आणि पोडावरून मुख्य रस्त्याकडे जाणारी वाट पावसाळ्यात नाल्यांनी तुटते. अशी शाळा बंद झाल्यास सहा वर्षांच्या कोलाम मुलापुढे दोनच मार्ग राहतात : घरी बसणे किंवा आश्रमशाळेत राहावयास जाणे. दोन्ही प्रकारांत जिल्हा परिषदेच्या हिशेबातील खर्च उतरतो. दुसऱ्या प्रकारात त्याच मुलाचा खर्च, भोजन व निवास यांसह वाढून, आदिवासी विकास विभागाच्या लेखाशीर्षाखाली दिसू लागतो.