माळरानाचे प्रतिनिधि

पिकाची आणेवारी काढतांना गांवांतील प्रत्येक शेत कापून पाहात नाहींत, हें वाचकांस विदित आहेच. नमुन्याचे कांहीं तुकडे निवडून त्यांवरून सगळ्या गांवाचा अंदाज बांधतात. तुकडा चुकीचा पडला, कीं गांव सूट-तहकुबीस मुकतें. महसुलाच्या दफ्तरांत आमचें आयुष्य गेल्यामुळें या निवडीचें मोल आम्ही जाणतों. वन्य प्राण्यांसाठीं विस्तीर्ण मुलूख राखावयाचा झाल्यास हाच प्रश्न येतो. प्रत्येक जीवाची गरज मोजणें अशक्य. म्हणून थोड्या जाती प्रतिनिधि म्हणून निवडाव्या लागतात.

मात्र येथें एक भेद आहे. आणेवारीस मध्यम पिकाचा तुकडा लागतो. येथें ज्याची गरज सर्वांत कडक, तोच प्राणी घ्यावा. त्याचें भागलें म्हणजे पुष्कळ इतरांचें भागतें. शिवाय एकट्या प्राण्यावर भिस्त ठेवूं नये. ऑस्ट्रेलियांतील रॉबर्ट लॅम्बेक यांनीं १९९७ सालीं असें प्रतिपादिलें, कीं जागा अपुरी पडणें, रानाचे तुकडे एकमेकांपासून तुटणें, अशीं संकटें वेगवेगळीं मांडावीं, आणि जो प्राणी ज्या संकटास सर्वांआधीं बळी पडेल, तो त्या संकटापुरता प्रतिनिधि धरावा.

आपल्या माळावर हें लावून पाहूं. माळढोकास निवांत, उघडें गवताळ रान हवें. मादी जमिनीवर बहुधा एकच अंडें घालते, आणि उडतांना विजेच्या तारा या पक्ष्यास वेळेवर दिसत नाहींत. तणमोराची वीण पावसाळ्यांत, वाढल्या गवतांत होते. लांडग्यास अनेक शिवारांतून फिरावयास मोकळी वाट लागते. काळवीट देखणा खरा, पण तो पिकावरही पोसतो. त्याचे कळप वाढले म्हणून माळ सुखरूप आहे, असें म्हणतां येत नाहीं.

प्राणी योग्य निवडला, पण आंखणी चुकली, तर काय होतें, हेंही आपण पाहिलें आहे. १९७९ सालीं माळढोकासाठीं सोलापूर व अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. त्यांत बागाईत जमिनी व भरवस्तीचीं गांवेंही आलीं. खातेदारांचे व्यवहार अडले, आणि बिचारा पक्षी वैऱ्यासारखा वाटूं लागला. पुढें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणलें. परंतु तोंवर माळढोक फार थोडे उरले होते.

म्हणून आमची सूचना अशी, कीं प्रतिनिधि ठरल्यावर त्याचा वावर गटवार पाहूनच हद्द आंखावी. आपल्या गायरानांत व पडीक जमिनींत कोणता प्राणी कोणत्या महिन्यांत दिसला, याची टिपणी सभासदांनीं आजपासून ठेवावी. तशी नोंद हाताशीं असली, तर पक्षीही राहील व खातेदारही नाडला जाणार नाहीं.