सपाट पानावर न मावणारा भ्रूण

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला भ्रूणशास्त्र नकोसे वाटते, त्यात कागदाचाही दोष आहे. तिसऱ्या आठवड्यातली चपटी चकती चौथ्यात चहूबाजूंनी मुडपते. पुस्तकात मात्र तिचे आडवे काप तेवढे दिसतात. थ्रीडी मॉडेल इथे कामाला येते. पण त्याच्याविषयीचे समजही तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज: थ्रीडी मॉडेल ही संगणकाची देणगी.
गुस्टाफ बोर्न यांनी 1883 मध्ये प्रत्येक कापाची मोठी केलेली बाह्यरेषा मेणाच्या पातळ पाटीतून कापून, त्या पाट्या एकावर एक रचून भ्रूण उभा केला. संगणक आज तेच करतो, मेण वगळून.

गैरसमज: पडद्यावर फिरतो तो गर्भाशयात टिपलेला जीव.
तो कापांवरून पुन्हा जुळवलेला असतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲमस्टरडॅमच्या थ्रीडी ॲटलाससाठी विद्यार्थ्यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी भ्रूणसंग्रहातल्या जुन्या कापांवर एकेक अवयव हाताने रेखला. रंग अर्थातच माणसांनी निवडलेले. शिवाय प्रत्येक टप्प्याचा भ्रूण वेगळा. ॲनिमेशनमध्ये एकातून दुसरा उमलताना दिसतो, ती मधली हालचाल चित्रकाराने भरलेली असते. हे वर्गात सांगायला हवे. या ॲटलासमुळे आणखी एक गोष्ट पुढे आली: पाठ्यपुस्तकांतल्या मानवी भ्रूणाच्या काही आकृत्या प्रत्यक्षात प्राण्यांच्या भ्रूणांवर बेतलेल्या होत्या.

गैरसमज: गर्भाला आधी माशासारखे कल्ले असतात.
नसतात. मानेजवळच्या, कल्ल्यांसारख्या वाटणाऱ्या कमानींतून जबडा, कानाची हाडे, स्वरयंत्र घडते.

गैरसमज: मेंदू सुरुवातीपासून इवलासा पण पूर्ण असतो, नंतर फक्त वाढतो.
सुरुवातीला असते एक पट्टी. तिच्या कडा उचलल्या जातात आणि मानेच्या भागापासून दोन्ही टोकांकडे जुळत जातात, करंजीची कड मधून दाबत न्यावी तशा. ही न्यूरल ट्यूब गर्भधारणेपासून साधारण 28 व्या दिवशी पूर्ण मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ही नळी नीट मिटावी यासाठीचे फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायचे. नळीच्या पुढच्या टोकाला तीन फुगवटे येतात, त्यांचे पाच होतात. आतली पोकळी उरते, तीच मेंदूतली व्हेंट्रिकल्स. त्यांचा वाकडातिकडा आकार पाठ करून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. मॉडेल फिरवले की नळी कुठे वाकली ते दिसते.

मेंदूवरच्या वळ्याही नंतरच्या. पाचव्या महिन्यातही मेंदू बराचसा गुळगुळीत असतो. आयआयटी मद्रासने 2024 मध्ये खुल्या केलेल्या ‘धरणी’ या संचात याच मधल्या तिमाहीतल्या मेंदूंचे 5,132 काप पेशींच्या पातळीवर पाहता येतात.

गैरसमज: थ्रीडी सोनोग्राफीत चेहरा छान दिसला, म्हणजे मेंदू ठीक.
तो फोटो त्वचेचा असतो. मेंदूसाठी डॉक्टर मुख्यतः सपाट कापच पाहतात आणि पार्श्व व्हेंट्रिकलची रुंदी मोजतात. ती 10 मिलिमीटरच्या आत हवी.