परसातली बरबटी

पातूरकडच्या काळ्या जमिनीत चवळी, म्हणजे आपली बरबटी, पहिल्या दमदार पावसानंतर लावावी. पाणी साचलं की मुळं कुजतात, म्हणून वाफा उंचच हवा. वेलाला तुराट्यांचा आधार पुरतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्यामुळे युरिया लागत नाही. कोवळ्या शेंड्याकडे मुंग्यांची रांग चालली असेल, तर पान उलटून बघा. बहुतेक काळा मावा सापडेल. त्यावर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. दोनेक महिन्यांत शेंगा हाती येतात. दाणे फुगण्याआधी तोडलेल्या शेंगांच्या भाजीला तोड नाही. उरलेल्या शेंगा वेलावर वाळू द्या. वाळल्या दाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. रात्रभर भिजवून, जाडसर वाटून, त्यात हिरवी मिरची, लसूण, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून वडे तळा.