बटण बदललं, बोटांचं काय?

विंडोज सोडून लिनक्सवर जायचा विचार आहे? कॉम्प्युटर तासाभरात बदलतो. सवयी मात्र एवढ्या लवकर बदलत नाहीत!

भाड्याचं घर बदलल्यावर पहिले आठ दिवस काय होतं, आठवतंय? रात्री पाणी प्यायला उठलं की हात बरोब्बर जुन्या घरातल्या स्विचच्या जागी जातो आणि आपण अंधारात भिंत चाचपत राहतो. नव्या घराची काही चूक नसते. हातच अजून जुन्या घरात असतो.

माझ्या लॅपटॉपवर ही वेळ आली ती विंडोज 10 मुळे. 14 ऑक्टोबर 2025 ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. या परीक्षेत माझा लॅपटॉप साफ नापास! नवा घ्यायचा तर ईएमआय, आणि फ्रीलान्सरच्या खिशाला तो परवडत नाही. तेवढ्यात एका मित्राने फंडा दिला, ‘अगं, लिनक्स मिंट टाक ना. फुकट आहे आणि दिसायला सेम टू सेम विंडोज!’

घात केला तो या शेवटच्या चार शब्दांनी.

सेम टू सेम?

खाली तीच पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. पहिल्या संध्याकाळी मी सॉलिड खूश. दुसऱ्या दिवशी नेटवरून एक्सई फाइल उतरवली, डबल क्लिक केलं... ढिम्म! लिनक्सवर ती थेट चालत नाही. सॉफ्टवेअर हवं असेल तर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ उघडायचा, शोधायचं, इन्स्टॉल करायचं. म्हणजे मोबाइलवर आपण रोज करतो तेच. पण कॉम्प्युटरकडून आपली अपेक्षाच वेगळी! मग सी ड्राइव्ह शोधला. तोही नाही.

खरा घाम फुटला डेडलाइनच्या रात्री. दोन पानांचा लेख उघडला तर झाली तीन पानं! या लेखाच्या मानधनातून घरभाडं जाणार होतं. साडेअकरा वाजता मी नव्या सिस्टिमच्या नावाने बोटं मोडत बसले होते. शोधल्यावर कळलं की विंडोजसोबत येणारा मंगल फॉन्ट इथे नव्हता. लिबर ऑफिसने त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट लावला आणि ओळी खाली सरकल्या. मजकूर युनिकोडमध्ये असल्यामुळे एक वेलांटीसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती. बदललं होतं ते फक्त दिसणं. लेख तसाच पाठवला आणि वेळेत छापूनही आला.

सवयीचे गुलाम

हा प्रॉब्लेम फक्त लिनक्सवाल्यांचा आहे असं नाही. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विंडोज 8 मधून स्टार्ट बटण काढलं, तेव्हा लोक इतके वैतागले की 2013 मध्ये 8.1 आणताना ते बटण परत द्यावं लागलं. कंपनी तीच, नाव तेच. तरीही हात अडला की माणूस चिडतोच.

याउलट केरळच्या सरकारी शाळांतली मुलं बघा. तिथे कितीतरी वर्षं कॉम्प्युटरचे धडे लिनक्सवरच दिले जातात. त्या मुलांसाठी तो ‘विंडोजसारखा’ही नाही आणि ‘विंडोजपेक्षा वेगळा’ही नाही. तो नुसता कॉम्प्युटर आहे!

म्हणून ‘हे विंडोजसारखं का नाही?’ हा प्रश्न आधी सोडा. ‘माझं काम इथे कसं होतं?’ असं विचारा. निम्मा वैताग तिथेच संपतो.

उडी मारण्यापूर्वी

* रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करा. फोटोशॉप लिनक्ससाठी येत नाही. त्यावरच तुमचं पोट असेल तर थांबा.
* आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. इन्स्टॉल न करताही वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासता येतो.
* सगळ्या फाइल्सचा बॅकअप घ्या. खरंच घ्या!
* मराठी टायपिंग पहिल्याच दिवशी सेट करा. इनस्क्रिप्टची सवय असेल तर तो कीबोर्ड इथेही मिळतो.
* डेडलाइनच्या आठवड्यात स्विच करू नका. हा अनुभवाचा सल्ला आहे!

परवा मैत्रिणीच्या विंडोज लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर टाकायचं होतं. मी पाच मिनिटं ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’ शोधत होते. तिने विचारलं, ‘काय हरवलंय?’

काही नाही गं, घर बदललंय!