मळणी व फवारणीच्या कामांतील अपघात आणि त्यांचे निवारण

कारखान्यात कामगाराला गंभीर इजा झाली, तर मालकाला ती कायद्याने कळवावी लागते. तिची नोंद होते, चौकशी होते आणि यंत्रात दोष आढळल्यास तो दूर करावा लागतो. शेतात मात्र मजुराचा हात यंत्रात सापडला, तर त्यास मिळेल त्या वाहनाने दवाखान्यात नेले जाते, चार दिवस गावात हळहळ व्यक्त होते आणि तेच यंत्र दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खळ्यावर चालू होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शेतीची गणना खाणकाम व बांधकाम यांच्याबरोबर सर्वांत धोक्याच्या तीन व्यवसायांत केली आहे. ही गोष्ट आपल्या शेतकरी बांधवांच्या सहसा ध्यानात येत नाही, कारण शेतातील अपघात एकेकटे, दूरदूरच्या शिवारांत घडतात आणि विस्मरणात जातात.

काही वर्षांपूर्वी सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत प्रस्तुत लेखकास अशा एका खळ्यावर जाण्याचा प्रसंग आला. आदल्या रात्री तेथे एका तरुण मजुराचा उजवा हात मनगटापासून तुटला होता. आभाळ भरून आल्यामुळे पहाटे सुरू झालेली मळणी रात्रीपर्यंत चालली होती. उजेड होता तो केवळ ट्रॅक्टरच्या दिव्याचा. पेंढी सरकविण्याच्या पन्हाळीवरील पत्र्याचे झाकण, माल लवकर जावा म्हणून, हंगामाच्या आरंभीच काढलेले होते. ते कुंपणाला टेकवून ठेवलेले दिसत होते. जमलेल्या मंडळींतील प्रत्येकजण "त्याचे दैव!" एवढेच म्हणत होता. त्या झाकणाकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते.

अपघात केव्हा घडतात?

शेतातील अपघात वर्षभर सारख्या प्रमाणात विखुरलेले नसतात. फवारणीची विषबाधा बहुधा श्रावण-भाद्रपदात, कपाशीवर किडींचा जोर असताना होते. मळणीयंत्रावरील अपघात सोयाबीनच्या वेळी दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि गहू-हरभऱ्याच्या वेळी फाल्गुन-चैत्रात होतात. घाई, थकवा, अपुरा उजेड आणि उघडे यंत्र ही चार कारणे अशा अपघातांत वारंवार एकत्र आलेली दिसतात. ज्या संकटाचा महिना व ठिकाण आधीच ठाऊक आहे, त्याचा बंदोबस्त आधी करता येतो, हे आपण टोळधाडीच्या व रोगराईच्या बाबतीत जाणतो. अपघातांनाही हाच न्याय लागू आहे.

मळणीयंत्र

मिनिटाला 600 फेरे घेणारा ड्रम एका सेकंदात 10 फेरे पूर्ण करतो. पेंढीबरोबर बोटे ओढली गेल्यावर हात मागे घेण्यास अवसरच राहत नाही. म्हणून यंत्राची रचनाच अशी असली पाहिजे की, हात ड्रमपर्यंत पोहोचू नये. भारतीय मानक क्र. 9020 प्रमाणे पेंढी सरकविण्याची पन्हाळ किमान 90 सें.मी. लांब असावी आणि तिचा ड्रमकडील किमान 45 सें.मी. भाग वरून झाकलेला असावा. माणसाच्या हाताची लांबी 90 सें.मी. पेक्षा कमी असते, हे या मापामागील साधे कारण होय. पन्हाळ तोडून आखूड केली किंवा झाकण काढले, की हे संरक्षण नाहीसे होते.

मळणी सुरू करण्यापूर्वी पुढील दक्षता घ्यावी :

1. पन्हाळीची लांबी व झाकण टेपाने मोजून पाहावे. झाकण नसल्यास गावच्या लोहाराकडून बसवून घ्यावे. पट्टे व फिरता दांडा यांवर जाळी अथवा आवरण असावे.

2. पेंढी घालणाऱ्याने सैल सदरा, उपरणे, हातातील कडे वर्ज्य करावे. यंत्राजवळ काम करणाऱ्या स्त्रियांनी पदर खोचून घ्यावा व केस बांधावेत.

3. पेंढी घालणारा माणूस दर दोन तासांनी बदलावा. मद्यपान केलेल्यास यंत्राजवळ येऊ देऊ नये.

4. अडकलेला माल काढण्यापूर्वी ट्रॅक्टर बंद करावा आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत हात घालू नये.

5. अंधार पडताच मळणी थांबवावी. पावसाचे भय असल्यास गंजी ताडपत्रीने झाकावी. भिजलेला माल वाळविता येतो.

बोट किंवा हात तुटल्यास जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरावे. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फात ठेवावी आणि रुग्णाबरोबरच पाठवावी. तुटलेला भाग प्रत्यक्ष बर्फात ठेवू नये.

फवारणी

1917 सालच्या नव्हे, तर अगदी अलीकडच्या 2017 सालच्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी पुरुषभर वाढून दाटली होती. त्यामुळे फवारा पानांवरून थेट तोंडावर व छातीवर येत होता. हवा दमट व उष्ण होती. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली गेली होती आणि अंगावर संरक्षक कपडे नव्हते.

प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी कीटकनाशके केवळ तोंडावाटेच नव्हे, तर श्वासावाटे व त्वचेतूनही शरीरात जातात. घामाने व औषधाने भिजलेला सदरा दिवसभर अंगावर राहिला, तर विष सावकाश शोषले जाते आणि मज्जातंतूंच्या कार्यात बिघाड होतो. अतिशय घाम व लाळ सुटणे, मळमळ, उलटी, डोळ्यांची बाहुली बारीक होऊन अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे, धाप लागणे ही त्याची लक्षणे होत. यास "ऊन लागले" असे समजून घरी झोपवून ठेवणे घातक ठरते.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग अवश्य पाहावा. तांबडा रंग अतिविषारी, पिवळा त्याहून कमी, निळा मध्यम व हिरवा सर्वांत कमी विषारीपणा दर्शवितो. हिरवा रंगही निर्धोकपणाचा परवाना नव्हे. पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, चष्मा व तोंडावर मास्क वापरून सकाळच्या थंड वेळी, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून फवारणी करावी. गळका पंप वापरू नये आणि तोटी तोंडाने फुंकू नये. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत. काम संपताच साबणाने स्नान करून कपडे निराळे धुवावेत. औषध कालविण्याचे काम घरातील स्त्रियांवर व मुलांवर टाकू नये.

विषबाधेची शंका येताच रुग्णास शेताबाहेर आणून कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय उलटी करवू नये. औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर न्यावे; त्यावरून योग्य उतारा देणे डॉक्टरांना सुलभ होते.

साहाय्य कोणास मिळते?

राज्यात 2023 पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना अमलात आली. तीत अपघाती मृत्यू आल्यास किंवा दोन अवयव गमावल्यास 2 लाख रुपये आणि एक अवयव गमावल्यास 1 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. परंतु ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. यंत्रात पेंढी घालणारा व पाठीवर पंप वाहणारा माणूस पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. वर उल्लेखिलेल्या तरुणाच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती.

धोकादायक यंत्रांसंबंधीच्या 1983 च्या कायद्यात अशा मजुरास भरपाई देण्याचा उद्देश नमूद आहे. परंतु ती मिळविण्यासाठी अपघाताचा पुरावा लागतो. म्हणून अपघात घडताच पंचनामा व रुग्णालयाची नोंद करून घ्यावी. शिवाय बँकेत खाते असलेल्या 18 ते 70 वर्षे वयाच्या मजुरास वर्षाला 20 रुपये भरून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत भाग घेता येतो. हंगामापूर्वी आपल्या मजुरांचे हे पैसे भरण्याची जबाबदारी शेतकऱ्याने आपण होऊन उचलावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य

प्रत्येक कार्यकर्त्याने गावासाठी अपघातांची एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, वेळ, काम, यंत्र किंवा औषध, जखमी व्यक्ती मालक की मजूर आणि इजेचे स्वरूप एवढेच लिहावे. दोन-तीन हंगामांत आपल्या गावात कोणते काम, कोणत्या वेळी व कोणास अधिक बाधते, हे त्या वहीवरून स्पष्ट होईल. पोळ्यापूर्वी फवारणी करणाऱ्यांची आणि दसऱ्यापूर्वी मळणीयंत्रधारकांची बैठक घ्यावी. बैठक मजुरांना सोयीच्या वेळी, म्हणजे रात्री, त्यांच्या वस्तीतच भरवावी. यंत्रधारकांच्या बैठकीस जाताना टेप बरोबर न्यावा आणि गावातील प्रत्येक यंत्राची पन्हाळ तेथेच सर्वांसमक्ष मोजून, झाकण नसलेल्या यंत्रावर ते बसविल्याखेरीज मळणी सुरू न करण्याचे ठरवून घ्यावे.