भेटीचे तिकीट

मोठ्या गायकाच्या कार्यक्रमाची जाहिरात हल्ली खालून वर वाचावी. सर्वांत खाली उभ्याने ऐकणाऱ्यांचा दर, त्यावर खुर्चीचा, त्यावर पुढच्या खुर्चीचा आणि अगदी वर, खुर्चीच्या पाच-सहा पट किमतीचे एक तिकीट. त्याचे नाव ‘मीट अँड ग्रीट’. मराठीत सांगायचे तर भेट आणि रामराम. त्या तिकिटात गाणे जास्त मिळत नाही. गाणारा माणूस काही सेकंद मिळतो.

माझ्या भाच्याने असे तिकीट काढले. तो पुण्यात नोकरी करतो, म्हणजे नऊ हजार रुपये एका संध्याकाळी खर्च करू शकतो. दीड तास रांग, मोबाईल आधीच जमा, फोटो काढणारा आयोजकांचा. गायकाने विचारले, “कुठून आलात?” हा म्हणाला, “नगरहून.” तेवढ्यात पुढच्याचा नंबर लागला. फोटो चांगला आला आहे. त्यात दोघेही हसत आहेत, पण एकमेकांकडे पाहून नाही. भाच्याच्या मते पैसे वसूल झाले. त्याच्या आईच्या मते त्या पैशांत घरातले पंखे बदलून झाले असते. “मामा, तुम्ही गाण्यातले. तुम्हीच सांगा,” असे म्हणून दोघांनी निवाडा माझ्याकडे सोपवला. घरच्या भांडणात निवाडा देऊ नये एवढे मला कळते, म्हणून तो इथे देतो आहे.

परदेशात हा व्यवहार चांगलाच मुरला आहे. २०१४ साली ब्राझीलमध्ये अॅव्हरिल लव्हीन या कॅनडाच्या गायिकेच्या भेटीसाठी चाहत्यांनी चारशे डॉलरच्या आसपास मोजले. पुढे त्या भेटींचे फोटो जगभर छापून आले, ते तिच्यात आणि चाहत्यांत राखलेल्या अंतरामुळे. तिला स्पर्श करू नये अशी सूचना होती म्हणे. जस्टिन बीबरने २०१६ च्या मार्चमध्ये दौरा चालू असतानाच अशा भेटी रद्द केल्या. या भेटींनंतर आपण पार रिते होतो, असे त्याने चाहत्यांना जाहीरपणे कळवले. विकणाराच थकला असेल, तर घेणाऱ्याच्या पदरात काय पडत असेल याचा अंदाज यावा. पण एक बाजू कलावंताचीही आहे. कॅसेट गेली, सीडी गेली, आता फोनवर गाणे जवळजवळ फुकट वाजते. उरला तो प्रत्यक्ष कार्यक्रम आणि प्रत्यक्ष देह. तेव्हा देहाजवळ उभे राहण्याचे पैसे घेतले, तर त्याला लगेच लोभी म्हणून मोकळे होण्याचे कारण नाही.

शिवाय ही युक्ती परदेशातून आली असे नगर जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. (जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तोंडात मात्र अजून नगरच येते.) तमाशातली पहिली स्त्री कलावंत म्हणून जिचे नाव घेतात ती पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची. २०२१ मध्ये निवर्तलेल्या कांताबाई सातारकरांचा फडही संगमनेरचाच. या फडांच्या तंबूत दौलतजादा ज्याने पाहिला आहे, त्याला मीट अँड ग्रीट नवे वाटणार नाही. पुढच्या रांगेतून नोट वर जाते. गाणे थांबते, निदान मंदावते. मग बक्षीस देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम माईकवरून पुकारली जाते आणि नाचणारी बाई त्या दिशेने मुजरा करते. नोट दहाची असो की पाचशेची, आपले नाव तिच्यासमोर साऱ्या जत्रेत गाजले, हे त्यातले खरे सुख. शेजारच्या गावच्या पाटलाने ते ऐकले, हे त्याहून मोठे. भाच्याने फोटो ज्या क्षणी सर्वांना पाठवला, तो क्षण याच जातीचा.

पण याच जिल्ह्यात पैसे देऊन जवळ बसण्याची दुसरी एक रीत आहे, संगीतबारीची. जामखेडच्या कला केंद्रांत अनेक पार्ट्या राहतात. आधी रंगमंचावर सगळ्या आपली कला दाखवतात, मग ज्याला जी पार्टी आवडेल तो तिची बैठक ठरवतो. छोटी खोली, गाद्या, पेटी, तबला, ढोलकी आणि ठरवून दिलेले पैसे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लावण्या जमवणाऱ्या एका शिक्षक मित्राबरोबर मी अशा बैठकीला गेलो होतो. आम्ही चौघे, वर्गणी काढून. गाणारी बाई पन्नाशी ओलांडलेली. तिने पायांत चाळ बांधले नव्हते. मित्राने एका जुन्या लावणीचे नाव काढले, तर तिने उलट विचारले, “कुठल्या चालीत? दोन येत्यात मला.” मग बसल्या जागी तिने एकच ओळ सात-आठ वेळा घेतली. शब्द तेच, पण एकदा त्यात लटका राग, एकदा वाट पाहून आलेला थकवा, एकदा शेजारणीला दिलेला टोमणा. बोटे, भुवया आणि मान एवढ्याच सामग्रीवर. मधेच थांबून म्हणाली, “मास्तर, ध्यानात आलं का? न्हाई तर परत घेते.”

बैठकीची लावणी ही अशी समोरच्याला धरून गायची चीज आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना तिच्यासाठी २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्या गेल्या. ही अदा हजारांच्या मैदानात मागच्या माणसाला दिसतच नाही, कारण ती आठ-दहा हातांच्या अंतरासाठीच घडलेली आहे. तिथे जवळिकीचे पैसे देणे म्हणजे गाण्याचेच पैसे देणे. आम्ही त्या बाईंबरोबर फोटो काढला नाही. कॅमेरा नव्हता, हेही खरे.

मात्र या खोल्यांना अत्तर लावून दाखवण्याची माझी इच्छा नाही. त्या रात्री पलीकडच्या खोलीतून येणारा आरडाओरडा गाण्याच्या दर्दींचा नव्हता. पैसे देणाऱ्याला आपण गाणेच घेतले आहे, बाई नव्हे, हे समजावणे हे त्या बायकांचे रोजचे काम. जामखेडला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्यातले नेरले गाव किशोर शांताबाई काळे यांचे. ते शिकून डॉक्टर झाले. त्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आले. लेखकाने नावात आईचे नाव का लावले हे ज्याने त्यात वाचले असेल, त्याला दौलतजादाच्या नोटेची दुसरी बाजू सांगायला नको. बाईच्या कमाईवर सारे घर जगते आणि तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारतात. बड्या गायकाच्या भेटीत स्पर्श करू नका म्हणून दटावणारे रक्षक असतात, त्यांना आपण हसतो. जामखेडच्या खोलीत तसा एखादा रक्षक असता, तर कुणी हसले नसते.

मोठ्या माणसाने जवळिकीची किंमत लावणे मुळातच हलके, असेही मला वाटत नाही. गांधीजी स्वाक्षरीचे पाच रुपये घेत, पण ते हरिजन फंडासाठी. पैसा कुठे जातो हे देणाऱ्याला माहीत होते. आमच्या शिर्डीत पैसे भरून लवकर दर्शनाचा पास मिळतो. त्यावर वाद होतात, पण पास नसलेल्यालाही दर्शन तेच होते, फक्त उशिरा. भाच्याच्या तिकिटात नेमकी हीच गोष्ट नव्हती. ज्याच्याकडे नऊ हजार नाहीत, त्याच्यासाठी लांबची रांगसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट नगरच्याच वेशीवरची. ‘द हू’ या इंग्लंडच्या बँडचा गिटारवादक पीट टाउन्सेंड हा मेहेरबाबांचा भक्त. १९७१ मध्ये त्याने ‘बाबा ओ’रायली’ हे गाणे केले. शीर्षकातले बाबा ते मेहेरबाबा आणि रायली म्हणजे अमेरिकेचे संगीतकार टेरी रायली. हे गाणे अजून जगभर वाजते. ज्याच्या भेटीसाठी लोक कितीही मोजतील असा हा माणूस १९७२ मध्ये अरणगावजवळच्या मेहेराबादला आला, तो समाधीपुढे डोके टेकायला. बाबांशी त्याची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नव्हती. १९२५ पासून मौनात असलेले बाबा १९६९ च्या जानेवारीत गेले होते. ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी देशोदेशीचे लोक तिथे रांगेत उभे राहतात, तिकीट कुणालाच नाही. भेट न होताही एवढे गाणे निघू शकते, हे मी भाच्याला सांगितले. तो म्हणाला, “मामा, ते मोठे लोक.” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे.

तर निवाडा. नऊ हजारांत अकरा सेकंद आणि एक फोटो हा सौदा मला महाग वाटतो. गायक लहान म्हणून नव्हे, तर त्या अकरा सेकंदांत त्याला गाता येत नाही म्हणून. तेवढ्या पैशांत चार मित्र मिळून एखाद्या कमी प्रसिद्ध गवयाला घरी बोलावू शकतात. तो तीन तास गाईल, जेवायला थांबेल आणि आपल्या गुरूबद्दल बोलेल. मानधन पाकिटात घालून द्यावे, त्याला मोजायला लावू नये. तबलजीचे पाकीट वेगळे करावे. जामखेडच्या त्या बैठकीत पैसे वाटले गेले तेव्हा ढोलकीवाल्याचा हिस्सा बाईंनी आधी बाजूला काढला होता. भाच्याच्या फोटोत मात्र वादक कुणी नाहीत. त्यांना त्या खोलीत बोलावलेलेच नव्हते.