डिलीट केलं, पण पुसलं का?

जुन्या लॅपटॉपमधली अडीच इंची साटा डिस्क साध्या केसिंगमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घातली की यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला 12 व्होल्टही लागतात. अ‍ॅडॉप्टरवाली केसिंगच घ्या.

आता अशा डिस्कवरचा जुना मजकूर पुसण्याचं. फाइल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं जागेवरच असतात. फिरत्या तबकडीवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की पुरे. पीटर गटमन यांच्या 1996 च्या लेखातल्या, वरून पुन्हा पुन्हा लिहिण्याच्या 35 फेऱ्या आज निव्वळ सोवळं! एसएसडीचं मात्र वेगळं. झीज सारखी व्हावी म्हणून ती नवा मजकूर दुसऱ्याच पेशींत लिहिते, जुना मागे राहू शकतो. तिथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सिक्युअर इरेज’ वापरा, तेही केसिंगमध्ये घालण्याआधी. अनेक केसिंगमधून ही आज्ञा डिस्कपर्यंत पोहोचतच नाही.